किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा

वाचकांचे प्रश्न : कोकण किनाऱ्याचा प्रवास

प्रश्न : आम्ही बोरिवलीला राहतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबईहून पणजीला आमच्या गाडीने, समुद्राच्या कडेकडेने जायचे ठरवले आहे. जायला पाच दिवस आहेत, येताना हायवेने एका दिवसात परत येऊ. गाडी मी आणि माझे यजमान आळीपाळीने चालवू. बरोबर सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि नऊ वर्षांची मुलगी आहे. मोबाईलवर बघून २७ ठिकाणांची यादी केली आहे, ती सोबत जोडते. रोजचे १३०-१४० किलोमीटरच येतात. जमेल ना? – एक वाचक, बोरिवली

ताई, यादी दोनदा वाचली. त्यात एकही ठिकाण टाकाऊ नाही, तरीही यादी जमणार नाही. अडचण त्या १३०-१४० किलोमीटरच्या आकड्यात आहे.

मी एसटीत २९ वर्षे गाडी चालवली, त्यातली बहुतेक दापोली-गुहागरच्या बाजूला. माझे वडील लांबचे गाव सांगताना किलोमीटर किंवा मैल कधी बोलले नाहीत. "मध्ये दोन तरी आहेत," एवढेच सांगायचे. तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी. आजही किनाऱ्याच्या रस्त्यावर तोच हिशेब खरा ठरतो. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरलेली नदी थोडक्यात समुद्राला मिळते आणि मुखाशी खाडी करते. सावित्रीची बाणकोटला, वाशिष्ठीची दाभोळला, शास्त्रीची जयगडला, मुचकुंदीची पूर्णगडला. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा उंच सडा, म्हणजे खडकाळ पठार. म्हणून रस्ता गावातून सड्यावर चढतो, पुन्हा दुसऱ्या गावात उतरतो आणि मग पाणी आडवे येते. घाईत नसलेल्या माणसाने ताशी २५ ते ३० धरावेत. तुमचे १४० किलोमीटर म्हणजे पाच-सहा तास नुसते स्टिअरिंग. त्यात फेरीबोटीची वाट पाहणे, जेवण आणि सासूबाईंचे उतरणे-चढणे आलेच. डिसेंबरात सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो, हे विसरू नका.

रेवसपासून रेडीपर्यंत सलग सागरी महामार्ग व्हावा हे बॅरिस्टर अंतुल्यांचे स्वप्न. त्यातले बरेच पूल झाले, मोठ्या खाड्यांवरचे काही अजून व्हायचे आहेत. तोवर फेरीबोट आहे. रायगडात तिला जंगलजेटी म्हणतात.

आता तुमचे पाच दिवस. माझे स्पष्ट मत असे की अलिबाग, मुरूड, दिवेआगर आणि श्रीवर्धन यादीतून काढा. मुंबईकरांना तो भाग कुठल्याही शनिवार-रविवारी करता येतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडी घालून तासाभरात मांडव्याला उतरा की झाले. शिवाय नाताळच्या आधी तिकडे गाड्यांची रीघ लागते. ते दिवस खाली रत्नागिरी-सिंधुदुर्गात घाला.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघा. माणगावपर्यंत हायवे, मग मंडणगडमार्गे दापोली तालुक्यात उतरा. मुक्काम आंजर्ले किंवा हर्णै-मुरूडच्या पट्ट्यात करा (हे मुरूड दापोलीचे, वर वगळले ते रायगडातले). कड्यावरच्या गणपतीला गाडी वरपर्यंत जाते, सासूबाईंना पायऱ्यांचा त्रास नाही. संध्याकाळी चारच्या पुढे मात्र हर्णैच्या बंदरावर असा. समोर सुवर्णदुर्ग, होड्यांतून मासळी उतरतेय, ती ओढायला बैलगाड्या पाण्यात शिरलेल्या आणि वाळूवर लिलाव चाललेला. मुलीला घेऊन जा. लिलाव करणाऱ्या बायकांचा हिशेबाचा वेग तिने ऐकावा. फक्त फोटो काढायच्या आधी विचारा, त्यांचा तो कामाचा वेळ असतो.

दुसरा दिवस सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात दोन खाड्या आहेत. सकाळी दाभोळ ते धोपावे. फेरीबोटीला दहा-पंधरा मिनिटे लागतात. फेऱ्यांच्या वेळा मुक्कामाच्या घरी आदल्या रात्रीच विचारून ठेवा. गाडी बोटीवर बऱ्याचदा उलटी घ्यावी लागते, तेव्हा तुमच्या दोघांपैकी ज्याचा रिव्हर्सचा हात चांगला असेल त्याने बसावे आणि बाकीच्यांनी आधीच उतरून चालत चढावे. बोटीवरचा पोरगा हात करेल त्याच्याकडेच बघा, आरशात नको. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा.

यावर एवढे का लिहितोय ते सांगतो. दाभोळची फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्यानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. पुतणीच्या हळदीला आम्ही दापोलीहून शृंगारतळीला निघालो होतो. बाजारात बांगड्या घेताना उशीर झाला आणि दाभोळला पोचलो तेव्हा शेवटची बोट पलीकडे लागलेली. धोपाव्याचे दिवे समोर दिसत होते. मग दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालून मध्यरात्रीनंतर पोचलो. हळद उतरून गेली होती. माझ्या बायकोला ते अजून लागते. म्हणून सांगतो, शेवटच्या फेरीवर कधी विसंबू नका, तिच्या आधीची धरा.

धोपाव्यावरून गुहागर, मग वेळणेश्वर आणि हेदवी. जेवण गुहागरला करायचे तर सकाळी नऊच्या आत फोन करून सांगा. आमच्याकडे घरगुती खानावळीत माणसे मोजून नारळ फोडतात. आयत्या वेळी गेलात तर फार तर पोहे मिळतील. हेदवीच्या दशभुज गणेशाला सासूबाईंना न्याच. पुढे तवसाळ ते जयगड ही दुसरी बोट. ती उजेडातच गाठा. मुक्कामाला गणपतीपुळ्यात गर्दी असेल तर शेजारच्या मालगुंडला राहा. केशवसुतांचे गाव ते, त्यांचे घर आणि स्मारक बघण्यासारखे आहे.

तिसऱ्या दिवशी आरे-वारे. चढावर वळणाच्या पुढे थांबायला जागा आहे, तिथेच थांबा, वळणावर नको. रत्नागिरी शहर मी वगळेन. थिबा राजवाडा, टिळकांचे जन्मस्थान हे सगळे कोकण रेल्वेने येऊन कधीही पाहता येते. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य, आडिवऱ्याची महाकाली, जैतापूरचा पूल असे उतरत जा. माझ्या मते सगळ्या किनाऱ्यात हा पट्टा सर्वांत सुंदर आहे आणि सर्वांत कमी माणसांचा. म्हणूनच रत्नागिरीत टाकी भरून घ्या आणि रोख पैसे जवळ ठेवा. विजयदुर्गाला तीनच्या आत पोचत असाल तर किल्ला बघा, नाहीतर थेट देवगडला मुक्काम.

चौथा दिवस मुद्दाम लहान ठेवला आहे. कुणकेश्वर, मिठबाव, आचरा करत दुपारपर्यंत मालवण. सिंधुदुर्गाच्या बांधणीला १६६४ मध्ये सुरुवात झाली, आणि आजही तिथे होडीनेच जायचे. होडीत उतरताना लाटेबरोबर पाऊल टाकावे लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही, आग्रह करू नका. त्यांना मुलीच्या बाबांबरोबर किनाऱ्यावर बसू द्या. परतल्यावर सगळ्यांनी मिळून खापरोळ्या खा, नारळाच्या गोड रसात बुडवून.

पाचव्या दिवशी परुळे, वेंगुर्ले, शिरोडा, रेडी. शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. मिठागरे दाखवून मुलीला ते सांगा, शाळेच्या पुस्तकात दांडीच तेवढी असते. तेरेखोलला पुन्हा फेरीबोट, पलीकडे केरी. बोट चुकली तर आरोंद्याहून किरणपाणीच्या पुलाने जाता येते. मग शिवोलीचा पूल, म्हापसा, पणजी.

एक राहिलेच. मुंबईहून खाली जाताना समुद्र उजव्या हाताला असतो. सासूबाईंना ड्रायव्हरच्या मागची खिडकी द्या. आणि सड्यावरून उतरताना दुसरा गिअर, न्यूट्रल कधीही नाही.

प्रश्न : हरिहरेश्वरला तीनदा गेलो, तिन्ही वेळा समुद्राकडून जाणारी प्रदक्षिणा पाण्यामुळे बंद. हेदवीला बामणघळ बघायला गेलो तर तिथे पाणीच उडत नव्हते. नशीबच खोटे की काय? – एक वाचक, ठाणे

नशिबाचा काही संबंध नाही, दोन्ही वेळा पंचांग बघायचे राहिले. हरिहरेश्वरला ओहोटी हवी आणि बामणघळीला भरती.

कोळीवाड्यात चालणारा जुना हिशेब देतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, तेवढे वाजता साधारण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी, बाराला, ओहोटी. एकादशीला सव्वाआठला भरती, सव्वादोनला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकराला भरती आणि संध्याकाळी सव्वापाचला ओहोटी. हे आकडे दिवसाला आणि रात्रीला दोन्हीकडे लागू. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, म्हणून गावात पोचल्यावर कुणाला तरी विचारून खात्री करा. पण मुक्काम ठरवायला एवढे पुरते.

आता गंमत बघा. पौर्णिमेला हरिहरेश्वरला पोचलात तर प्रदक्षिणा संध्याकाळच्या उजेडात होते, आणि पौर्णिमेची ओहोटी खोल असल्याने खडक चांगले उघडे पडतात. तिथून बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने सावित्री ओलांडून दापोलीला राहिलात, तर द्वितीयेला हेदवी. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, बामणघळीत लाट शिरते आणि चिंचोळ्या भेगेतून कारंज्यासारखी वर उसळते. दोन्ही ठिकाणे एकाच प्रवासात, योग्य वेळेला.

पण प्रदक्षिणेला पाणी चढू लागले की लगेच मागे फिरा. आणि घळीच्या तोंडाशी ओल्या खडकावर उभे राहू नका. खडक ओला आहे याचा अर्थ लाट तिथवर येते. हे मी विनंती करून सांगतोय.

प्रश्न : आम्ही तीन मित्र जुलैमध्ये बाईकवरून पुणे-दापोली-मालवण किनाऱ्याने करायचे म्हणतोय. घरचे नको म्हणतात. – एक वाचक, पुणे

घरच्यांचे ऐका. हिरवेगार कोकण बघावे असे वाटणे अगदी योग्य आहे, पण जुलैत किनाऱ्याच्या रस्त्यावर लाल माती वाहून येते आणि डांबरावर तिचा थर बसतो. दुचाकीला त्याच्याइतके वाईट दुसरे काही नाही. मोठ्या वाऱ्यात फेरीबोटी थांबतात. सिंधुदुर्गाची होडी पावसाळाभर बंद असते. आणि मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा ताज्या सुरमईच्या आशेनेही जाऊ नका. ऑक्टोबरात भात कापणीला आलेले असते, सड्यावरचे गवत सोनेरी होते. तेव्हा जा. फेब्रुवारी-मार्चमध्ये जमले तर वेळास किंवा आंजर्ल्याला सकाळी कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात, ते बघायला मिळेल. जुलैतच यायचे असेल तर एसटीने या आणि एका गावात चार दिवस राहा.

प्रश्न : मी ७६ वर्षांची निवृत्त शिक्षिका. धाकटी बहीण ६८ वर्षांची. गाडी नाही. दापोलीहून रत्नागिरीपर्यंत समुद्राकडेने एसटीने जाता येईल का? – एक वाचक, इस्लामपूर

बाई, जरूर जाता येईल. तुमचे पत्र वाचून फार आनंद झाला. माझ्या गाडीत अशा किती जणी बसायच्या, पिशवीत दशम्या आणि मांडीवर छत्री.

दापोलीहून दाभोळची गाडी घ्या. स्टँडवर उतरून बंदरापर्यंत जा, बोटीत माणसांना चढायला सोपे आहे. पलीकडे धोपाव्याहून गुहागर, तिथे मुक्काम करा. व्याडेश्वराचे देऊळ स्टँडपासून जवळ आहे. दुसऱ्या दिवशी गुहागरहून हेदवीमार्गे तवसाळ, बोटीने जयगड आणि जयगडहून रत्नागिरी. खेड्यातल्या फेऱ्या मोजक्या असतात, त्यामुळे प्रत्येक स्टँडवर उतरल्या उतरल्या चौकशी खिडकीवर पुढच्या दिवसाच्या वेळा कागदावर लिहून घ्या. चालकाला विचारलेत तरी चालेल, तो पुढची गाडी कुठे भेटेल तेही सांगेल. दोन बोटींच्या मध्ये कुठे अडलात तर रिक्षा मिळते.

२०२२ पासून ७५ च्या पुढच्या प्रवाशांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट. म्हणजे तुम्हाला काही नाही आणि बहिणीला निम्मे. फेरीबोटीचे पैसे वेगळे, ते सुटे ठेवा. वाहक वयाचा पुरावा मागतील, तेव्हा आधार कार्ड पिशवीच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात असू द्या. आणि शून्याचे असले तरी तिकीट मागून घ्या आणि उतरेपर्यंत जपून ठेवा.