देयकं परत का येतात? उशीर कोषागारात नाही, आपल्याच टेबलांवर होतो

जिल्हा कार्यालयाच्या लेखाशाखेत तुम्ही नवीन आहात, कोषागारातून देयकं सतत आक्षेप लागून परत येतात आणि 'ट्रेझरीवाले अडवतात' असं वरिष्ठ सांगतात. यावर काय करावं, असं तुम्ही विचारलंय. इतकी वर्षं हेच काम केल्यावर माझं ठाम मत आहे की बहुतेक उशीर देयक कोषागारात पोहोचण्याआधीच झालेला असतो.

बीम्स (अनुदान वाटप आणि खर्चावर लक्ष ठेवणारी राज्य शासनाची संगणक प्रणाली) आल्यापासून अनुदान, म्हणजे खर्चासाठी मिळालेली तरतूद, शिल्लक आहे का, हा जुना वाद जवळपास मिटला. प्राधिकारपत्र काढलं की तेवढी रक्कम त्या देयकासाठी राखली जाते. आता उरलेत ते कागदांचे आक्षेप, आणि ते ठरलेलेच असतात. मंजुरी आदेशाची तारीख खरेदीनंतरची असते. लेखाशीर्ष बरोबर, पण उद्दिष्ट (खर्चाच्या प्रकाराचा क्रमांक) चुकतं: संगणकाचा खर्च '१७ संगणक खर्च' ऐवजी '१३ कार्यालयीन खर्च' यात टाकलेला असतो. उपप्रमाणकावर (देयकाला जोडलेल्या पुरवठादाराच्या बिलावर) साठा नोंदवहीचा पान क्रमांक नसतो. अंकी आणि अक्षरी रक्कम जुळत नाही.

जीएसटीच्या टीडीएसचा, म्हणजे पुरवठादाराला पैसे देतानाच करायच्या करकपातीचा, घोळ तर फारच होतो. ऑक्टोबर २०१८ पासून कंत्राटाचं करपात्र मूल्य अडीच लाखांवर असेल तर २ टक्के कपात करावी लागते. मर्यादा कंत्राटाच्या मूल्यावर बघायची, एकेका बिलावर नाही. तीन लाखांचं कंत्राट असेल आणि पुरवठादाराने लाख-लाखाची तीन बिलं दिली, तरी तिन्हींवर कपात आहे. आणि हे मूल्य जीएसटीची रक्कम सोडून धरायचं. हे न कळल्याने कपात राहून गेलेली देयकं मी खूप पाहिली आहेत.

म्हणून पहिलं काम हे करा: गेल्या काही महिन्यांची सगळी आक्षेपपत्रं काढा आणि कोणता आक्षेप कोणत्या टेबलावरून आला ते लिहून काढा. भांडार, आस्थापना, तांत्रिक शाखा, ज्याचं त्याला दाखवा. दोष द्यायला नाही, पुढच्या वेळी काय जोडायचं ते कळावं म्हणून.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडे फाइल लेखाशाखेत येते ती माल आल्यानंतर, बिल हातात पडल्यावर. त्या वेळी चूक सापडून उपयोग काय? आदेश निघून गेलेला असतो, दर मान्य झालेले असतात, पुरवठादार पैशासाठी खेटे घालत असतो. पुरवठा आदेशावर सही होण्याआधी फाइल तुमच्याकडे यावी, असा कार्यालयीन आदेश काढून घ्या. तिथे उद्दिष्ट, सक्षम मंजुरी, अनुदान आणि कपात एवढ्या चार गोष्टी तपासा. त्यासाठी अर्धा दिवस लागला तरी पुढचे महिने वाचतात.

मंजुरीवरून आठवलं. वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ आणि तिच्यातल्या नंतरच्या सुधारणा नीट वाचा. कार्यालयप्रमुखाला स्वतःचे अधिकार असतानाही 'सुरक्षित राहावं' म्हणून फाइल प्रादेशिक कार्यालयात पाठवली जाते आणि तिथे ती पडून राहते. हे मला अजिबात पटत नाही. अधिकार दिलेत ते वापरण्यासाठी.

मार्चबद्दल थोडक्यात. अखर्चित अनुदान ३१ मार्चला व्यपगत होतं, म्हणजे हातचं जातं, त्यामुळे सगळेच शेवटच्या आठवड्यात धावतात. केंद्राने आपल्या मंत्रालयांना शेवटच्या तिमाहीत ३३ टक्के आणि मार्चमध्ये १५ टक्के खर्चाची मर्यादा घालून दिली ती याचसाठी. अनुदान उशिरा वितरित होणं तुमच्या हातात नाही. पण प्रशासकीय मान्यता आणि दरपत्रकं डिसेंबरपर्यंत पूर्ण करून ठेवणं नक्कीच आहे.

आणि संक्षिप्त देयकावर (खर्चाचा तपशील आणि प्रमाणकं, म्हणजे पावत्या, नंतर द्यायच्या अशा देयकावर) काढलेली आगाऊ रक्कम विसरू नका. तपशीलवार देयक महिन्याभरात महालेखापालांकडे गेलं पाहिजे. महालेखापरीक्षकांच्या अहवालांत या थकीत देयकांचा विषय वर्षानुवर्षं येतो, कारण पैसे खर्च झाले की प्रमाणकं गोळा करायला कुणी बसत नाही. रक्कम काढली त्याच दिवशी नोंदवहीत तपशीलवार देयकाची शेवटची तारीख लाल शाईने लिहा आणि ज्याच्या हातात पैसे दिले त्याची त्यापुढे सही घ्या.