हाफ इंजिन करायच्या आधी तो बोटाएवढा व्हॉल्व्ह बघा

प्रश्न: नमस्कार. माझ्याकडे 2003 ची एस्टीम आहे, वडिलांनी घेतलेली. आम्ही कणकवलीला असतो, गाडी रोज घर ते दुकान दोन-तीन किलोमीटर फिरते, लांब जाणं कधीतरीच. दोन वर्षं झाली ऑईल कमी होतंय, हजार किलोमीटरला अर्धा लीटर तरी घालावं लागतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग दोनदा बदललं तरी ऑईल झिरपतंच, एअर फिल्टरपण ऑईलने ओला सापडला. आणि या पावसात ऑईलचं झाकण उघडलं तर आत पिवळट लोण्यासारखा थर. गॅरेजवाले म्हणतात हाफ इंजिन करायला लागेल, म्हणजे इंजिन उघडून पिस्टनच्या रिंगा वगैरे बदलायला. गाडी विकायची नाहीये, पण एवढा खर्च करू का?
(एक वाचक, कणकवली)

उत्तर: थांबा, एवढ्यात हो म्हणू नका. तुम्ही जे लिहिलंय त्यातल्या दोन गोष्टी वाचून माझा पहिला संशय पीसीव्ही व्हॉल्व्हवर (इंजिनात साचणारा गॅस बाहेर काढणारा छोटा व्हॉल्व्ह) जातो: पॅकिंग बदलूनही गळती आणि एअर फिल्टर ओला. रिंगा गेल्या असतीलही, पण आधी हे बघायचं आणि मग इंजिन उघडायचं, उलटं नाही.

होतं काय की पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी जळालेला थोडा गॅस खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतोच, त्यात न जळालेलं पेट्रोल असतं, वाफ असते, काजळी असते. पूर्वी गाड्यांना एक ब्रीदर पाइप असायचा आणि हे सगळं रस्त्यावर सोडून द्यायचे, 1961 साली कॅलिफोर्नियाने धुरक्याला कंटाळून ते परत इंजिनात ओढून जाळायची सक्ती केली आणि हळूहळू ही पद्धत सगळीकडे आली. म्हणजे एका पाइपने एअर फिल्टरकडून ताजी हवा टॅपेट कव्हरमध्ये येते आणि दुसऱ्या पाइपने, पीसीव्ही व्हॉल्व्हमधून, आतला गॅस इनलेट मॅनिफोल्डमध्ये (सिलेंडरना हवा नेणाऱ्या नळीत) ओढला जातो. व्हॉल्व्हमध्ये स्प्रिंगवर एक छोटी सुई असते. आयडलला मॅनिफोल्डची ओढ जोरात असते तेव्हा ती सुई वाट अरुंद करते, रेस दिली की ओढ कमी होते आणि स्प्रिंग वाट मोकळी करते.

आता वीस वर्षांच्या चिकट्याने हा व्हॉल्व्ह बंद अवस्थेत अडकला की गॅसला बाहेर पडायला जागाच नाही, मग प्रेशर वाढतं आणि ऑईल मिळेल तिथून बाहेर ढकललं जातं, पॅकिंगमधून, क्रँकच्या सीलमधून, आणि ताज्या हवेच्या पाइपातून उलटं एअर फिल्टरमध्ये. तुम्ही पॅकिंग दहा वेळा बदललं तरी ते गळणारच, कारण दोष पॅकिंगचा नाही. (उघडा अडकला तर वेगळा त्रास, आयडल वर-खाली होतं, ऑईल सरळ मॅनिफोल्डमध्ये ओढलं जाऊन निळा धूर.)

त्या लोण्यासारख्या थराने तर खूप लोक घाबरतात. कोकणातला पाऊस, हवेत एवढं पाणी, आणि दोन किलोमीटरमध्ये ऑईल नीट तापतच नाही, त्यामुळे आतली वाफ झाकणाला लागून थंड होते आणि ऑईलमध्ये घुसळली जाते. फक्त झाकणालाच असेल तर काळजी नको. पण डिपस्टिकवरपण ऑईल दुधाळ दिसत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर मात्र हेड गॅस्केट (सिलेंडर हेडखालचं पॅकिंग) बघायला लागेल, तेव्हा गाडी चालवू नका.

तपासायचं असं. मॅनिफोल्डपासून टॅपेट कव्हरकडे जाणारा पाइप धरून व्हॉल्व्ह शोधा, इंजिन आयडलला ठेवून व्हॉल्व्ह मॅनिफोल्डच्या बाजूच्या पाइपालाच जोडलेला राहील असा मोकळा करा आणि उघड्या तोंडावर बोट ठेवा, बोट ओढलं गेलं पाहिजे. नाही ओढलं तर व्हॉल्व्ह, पाइप किंवा मॅनिफोल्डचं भोक यातलं काहीतरी तुंबलंय. मग इंजिन बंद करून व्हॉल्व्ह काढा आणि कानाशी हलवा, आत सुईचा खुळखुळ आवाज यायला हवा. नाही आला तर बदला. कार्ब क्लीनरने धुवून खुळखुळतो कधीकधी, पण स्प्रिंग थकलेली असते, एवढ्या स्वस्त पार्टसाठी मी ते सुचवणार नाही.

बदलताना इंजिन थंड असू द्या. पाइप ओढू नका, आधी पिळून सैल करा, जुना रबर कडक होऊन काचेसारखा तुटतो, आणि व्हॉल्व्ह रबरी ग्रोमेटमध्ये (भोकातल्या रबरी रिंगेत) बसलेला असेल तर त्याचे तुकडे आत पडणार नाहीत हे फार जपा, एक पडला तरी चिमट्याने काढल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. व्हॉल्व्ह आट्याचा असेल तर हाताने बसवून मग पाना हलका लावा, ॲल्युमिनियमचे आटे पटकन जातात. व्हॉल्व्ह तुमच्याच इंजिनचा घ्या, दिसायला सारखा दुसऱ्या गाडीचा चालत नाही कारण स्प्रिंगचा हिशोब इंजिनप्रमाणे असतो. दोन्ही पाइप नवीन टाका, पण ऑईल-पेट्रोल सोसणारे, साधा पाण्याचा पाइप काही महिन्यांत फुगून मऊ होतो. मॅनिफोल्डचं भोक साफ करा, आणि एअर फिल्टर, टॅपेट पॅकिंग आणि ऑईल याच वेळी बदला.

झाल्यावर आयडलला ऑईलचं झाकण काढून तोंडावर कागद धरा, हलका चिकटला तर काम झालं. कागद जोरात उडत असेल तर मग कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमधला दाब मोजणं) करा, आधी कोरडी आणि नंतर सिलेंडरमध्ये थोडं ऑईल सोडून, ऑईल सोडल्यावर आकडा चांगला वाढला तर रिंगा-बोअर गेलेत, तेव्हा गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर समजा. आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी मालवणपर्यंत नेऊन आणा हो, अर्धा-पाऊण तास नीट तापली की आतलं पाणी उडून जातं.

प्रश्न: माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये पीसीव्ही सापडतच नाही, काढून टाकलाय का कोणी?
(एक वाचक, जुन्नर)

उत्तर: नाही, कोणी काढलेला नाही. जुन्या डिझेलला थ्रॉटल (हवेची वाट कमी-जास्त करणारी झडप) नसतो त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये तशी ओढ नसते, साधा ब्रीदर पाइप असतो, काहींना त्यात ऑईल अडवायची जाळी किंवा डबी असते, ती सर्व्हिसिंगला धुवून घ्या. आणि ऑईल कधीही मार्कच्या वर भरू नका, ब्रीदरमधून ते इनलेटला गेलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर पळायला लागतं आणि चावी काढूनही बंद होत नाही. तसं झालंच तर टॉप गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून धरा आणि क्लच सोडा.