लाईट परत येते तेव्हाचा करंट बघा

भाऊ, तुमच्या व्हॉल्व्ह अँपच्या पॉवर सप्लायचं सिम्युलेशन बरोबर आहे, फक्त तुम्ही ते उशिरा बघताय. ३५०-०-३५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ईएल३४ या आउटपुट व्हॉल्व्हची जोडी, रेक्टिफायरनंतरचा पहिला कपॅसिटर १०० मायक्रोफॅरड, लोड १०० मिलिअँप. करंटचा पीक साडेतीनशे मिलिअँपच्या आसपास दिसतो, जीझेड३४ या रेक्टिफायर व्हॉल्व्हची (एसीचा डीसी करणारा) मर्यादा ७५० आहे, मग असे दोन व्हॉल्व्ह उडाले कसे, असं तुम्ही विचारलंय. पण स्क्रीनशॉटमध्ये रिपोर्टिंग डिले (आलेख किती वेळाने सुरू करायचा ते) दोन सेकंद ठेवलाय. तोवर मारामारी संपलेली असते.

डिले शून्य करा, पहिले २०० मिलिसेकंद बघा. अडीच-तीन अँपिअर दिसतील. सकाळी थंड अँप चालू करताना एवढा करंट येत नाही, कारण रेक्टिफायरचा कॅथोड हळूहळू तापतो. आपल्याकडे खरा घात लाईट करते. मे महिन्यात वळवाचं वारं सुटलं की इंदिरानगरला लाईट जाते आणि तीन-चार सेकंदांत परत येते. तेवढ्यात गरम ईएल३४ नी कपॅसिटर रिकामा केलेला असतो आणि रेक्टिफायर मात्र तापलेलाच. माझा एक असाच गेला: आत निळी ठिणगी, ‘टच्’ आवाज, संपलं. एनटीसीच्या (थंड असताना करंट अडवणाऱ्या रेझिस्टरच्या) भरवशावर राहू नका, तोही तेव्हा गरमच असतो.

सोर्स रेझिस्टन्स (रेक्टिफायरच्या आधीचा ट्रान्सफॉर्मरचा रेझिस्टन्स) तुम्ही नुसता सेकंडरीचा, ६२ ओहम, भरलाय. प्रायमरीचे १४ ओहमही सेकंडरीकडे धरावे लागतात: ३५० भागिले २३०, त्याचा वर्ग २.३, म्हणजे आणखी ३२. एकूण ९४. फिलिप्सच्या डेटाशीटमध्ये ३५० व्होल्टला दर अ‍ॅनोडमागे किमान ७५ ओहम मागितलेत, म्हणजे तिथे तुम्ही पास. पण ते ७५ पहिला कपॅसिटर जास्तीत जास्त ६० मायक्रोफॅरड असेल तेव्हाचे! १०० घातल्याने चालू लोडवरचा पीक फारसा हलत नाही, म्हणूनच तुम्हाला सगळं आलबेल वाटलं. रिकामा कपॅसिटर भरायला मात्र जास्त सायकल लागतात, आणि तेवढा वेळ कॅथोड मार खातो.

आता घरातला व्होल्टेज २३० ऐवजी २४५ धरून सिम्युलेशन पुन्हा चालवा. माझ्या मीटरवर रात्री अकरानंतर तेवढे सर्रास दिसतात. सेकंडरी ३७३, पीक ५२७. उलटा व्होल्टेज १०५५ होतो, त्याला जीझेड३४ घाबरत नाही, पण तुमचा ५०० व्होल्टचा कपॅसिटर स्टँडबायवर (लोड नसताना) फुगेल.

नवीन काही आणू नका. तुमच्याकडचे १०० चे दोन्ही कपॅसिटर सिरीजमध्ये लावा, ५० होतात आणि व्होल्टेजचाही प्रश्न मिटतो. प्रत्येकावर २२० किलोओहम, एक वॉट. हेच रेझिस्टर नंतर कपॅसिटर रिकामेही करतात, पण मिनिटभर लागतं. मीटर लावल्याशिवाय आत हात घालू नका. रेक्टिफायरच्या दोन्ही अ‍ॅनोडला ४७ ओहम, पाच वॉट, वायरवाउंड. हम (स्पीकरमधली गुणगुण) उरलाच तर चोकनंतरचा (फिल्टरच्या कॉइलनंतरचा) कपॅसिटर वाढवा, तिथे रेक्टिफायरला त्रास नाही.

आणि स्टँडबाय स्विच रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरच्या मध्ये असेल तर आजच काढा. तो दाबला की दर वेळी लाईट जाऊन आल्यासारखंच होतं.