मिग-२१ च्या मॉडेलचा फोटो नाशिकच्या खऱ्या दृश्यात बसवला तरी खेळणंच का दिसतं?

बहुतेक वेळा चूक कॅमेऱ्याच्या उंचीत असते. समजा तुमचं मॉडेल १:७२ चं, म्हणजे खऱ्या विमानापेक्षा ७२ पट लहान आहे. उभ्या माणसाचे डोळे साधारण १६० सेंमीवर असतात, त्याला ७२ ने भागा: सव्वादोन सेंमी. म्हणजे लेन्स टेबलापासून जेमतेम तेवढीच वर हवी. आपण वरून फोटो काढतो आणि मागच्या दृश्यातला नाशिकचा पांडवलेण्याचा डोंगर मात्र उभ्याने टिपलेला असतो. दोन क्षितिजं जुळतच नाहीत.

दुसरं, ऊन. मॉडेल घरात ट्यूबलाइटखाली ठेवू नका. गच्चीवर राखाडी कार्डशीटवर ठेवा आणि डोंगराचा फोटो ज्या वेळी, सूर्य ज्या बाजूला असताना घेतला, तसंच ऊन पडू द्या. मग सावली वेगळी रंगवावी लागत नाही. गिंप या फोटो एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे) तीच सावली वेगळ्या लेयरवर घेऊन मल्टिप्लाय मोडवर ठेवा, म्हणजे ती खालचं चित्र न झाकता फक्त गडद करते. चाकं जमिनीला टेकतात तिथली काळी बारीक रेघ अजिबात पुसू नका, विमानाचं वजन तिच्यामुळेच जाणवतं.

नाक स्पष्ट आणि शेपटी धूसर आली तरी खेळणं उघडं पडतं. कॅमेऱ्याचं अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) लहान, एफ/१६ वर ठेवा, थोडं लांबून काढा. नाहीतर फोकस बदलत चार-पाच फोटो काढून जोडा.

नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) कारखान्यात ही विमानं बनायची, तेव्हा नाशिकच्या आभाळाखाली तुमचं मिग शोभणारच. जरूर करा.