बेसबॉलमध्ये ज्याच्याकडे पैसा त्याचीच ट्रॉफी, असं आहे का? आयपीएलसारखी खर्चाला मर्यादा का घालत नाहीत?

तुमचा प्रश्न असा की, लॉस एंजेलिस डॉजर्सनी २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन वर्षं वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकली, त्यांचा खर्चही अफाट, मग बाकीच्या २९ संघांनी खेळायचं तरी कशाला? आणि आयपीएलच्या लिलावात सगळ्यांच्या हातात सारखीच रक्कम असते, तसं अमेरिकेत का करत नाहीत? मी पिट्सबर्गमध्ये राहतो आणि इथल्या पायरेट्सचे सामने बघतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. उत्तर जरा लांबणार.

पैसा ओतला म्हणजे ट्रॉफी मिळतेच असं नाही, हे आधी सांगतो. २०२५ चाच हंगाम घ्या. न्यूयॉर्क मेट्सनी हुआन सोतोला १५ वर्षांसाठी ७६.५ कोटी डॉलर कबूल केले. पगाराच्या यादीत डॉजर्सच्या खालोखाल तेच. जूनच्या मध्यापर्यंत अख्ख्या लीगमध्ये त्यांच्याइतकी चांगली कामगिरी कुणाचीच नव्हती, मग मात्र घसरण सुरू झाली. २८ सप्टेंबरला, साखळीच्या शेवटच्या दिवशी, प्लेऑफसाठी त्यांना एक सामना जिंकायचा होता. समोर होते मायामी मार्लिन्स, पगाराच्या यादीत अगदी तळाचे. मार्लिन्सनी मेट्सना ४-० असं हरवलं. त्याच दिवशी सिनसिनाटी रेड्सही हरले होते, म्हणजे मेट्सना नुसतं जिंकायचं होतं. दोघांचेही ८३ विजय झाले, पण आपसातल्या सामन्यांत रेड्स सरस होते, म्हणून ते पुढे गेले आणि मेट्सचा हंगाम तिथेच संपला. साखळीत सगळ्यांत जास्त, ९७ सामने जिंकले ते मिलवॉकी ब्रुअर्सनी, आणि मिलवॉकी हे लीगमधल्या सगळ्यांत लहान शहरांपैकी एक.

हा खेळच तसा आहे. साखळीत १६२ सामने असतात आणि अगदी बलाढ्य संघही त्यातले साठेक हरतो. मग पाच किंवा सात सामन्यांच्या मालिकेत काय होईल याचा भरवसा कोण देणार? डॉजर्सनी २०२२ मध्ये १११ सामने जिंकले आणि पहिल्याच मालिकेत सॅन दिएगोकडून हरले. पुढच्या वर्षी १०० जिंकले आणि ८४ विजयवाल्या ॲरिझोनाने त्यांना सलग तीन सामन्यांत गुंडाळलं. २००१ ते २०२५ या २५ हंगामांत १६ वेगवेगळ्या संघांनी वर्ल्ड सिरीज जिंकली आहे. उलट अमेरिकन फुटबॉलमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, १९९४ पासून पगाराला कडक मर्यादा आहे, तरी २००१ ते २०१८ च्या हंगामांत न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी एकट्यांनी सुपर बोल, म्हणजे तिथला अंतिम सामना, सहा वेळा जिंकला.

एवढं वाचून ‘मग सगळं ठीकच आहे की’ असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अजिबात पटत नाही. पैशाने मिळते ती पुन्हा पुन्हा संधी. डॉजर्स २०१३ पासून दर वर्षी प्लेऑफमध्ये आहेत, एकही वर्ष चुकलेलं नाही. दर ऑक्टोबरला फासे टाकायला मिळाले की कधी ना कधी दान पडतंच. शिवाय श्रीमंत संघाला चूक परवडते. १० कोटींचा खेळाडू दुखापतीने बसला तर ते दुसरा आणतात. लहान संघाचा तोच निर्णय चुकला तर पुढची चार-पाच वर्षं हातची जातात.

अक्कल वापरली तर पैशाची गरज नाही, असंही सांगतात आणि ओकलंडचा दाखला देतात. २००२ मध्ये ओकलंड ॲथलेटिक्सनी सुमारे ४ कोटी डॉलरच्या संघावर १०३ सामने जिंकले, आणि १२ कोटींहून जास्त खर्च करणाऱ्या न्यूयॉर्क यँकीजनीही तेवढेच. हे खरं आहे आणि कौतुकाचंही आहे. पण पुढे काय झालं ते बघा. तीच आकडेमोड सगळे शिकले. ओकलंडसारखाच गरीब असलेला टँपा बे रेज हा संघ अँड्र्यू फ्रीडमन यांनी अतिशय हुशारीने उभा केला, २००८ मध्ये वर्ल्ड सिरीजपर्यंत नेला, आणि २०१४ मध्ये फ्रीडमन यांनाच डॉजर्सनी आपल्याकडे नेलं. आज डॉजर्सचा जो कारभार दिसतो तो त्यांचाच. म्हणजे अक्कलही बाजारात विकत मिळते आणि तिलाही जास्त पैसे देणारा गिऱ्हाईक भेटतोच.

आता पिट्सबर्गचं सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर याच शहरात उघड्यावर मांडून ठेवलेलं आहे. या शहराचे तीन मोठे संघ आहेत: बेसबॉलचे पायरेट्स, फुटबॉलचे स्टीलर्स, आइस हॉकीचे पेंग्विन्स. तिघांचे रंग तेच, काळा आणि सोनेरी. शहर तेच, लोक तेच, तिकीट काढणारे खिसे तेच. पायरेट्सचं आणि स्टीलर्सचं मैदान नदीच्या एकाच काठावर, चालत जाण्याइतक्या अंतरावर. स्टीलर्सच्या नावावर सहा सुपर बोल आहेत, त्यातले दोन पगारमर्यादा आल्यानंतरचे. पेंग्विन्सनी १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली होती. २००१ मध्ये यारोमिर यागरसारखा हिरा त्यांना वॉशिंग्टनला द्यावा लागला, कारण त्याचा पगार झेपत नव्हता. २००५ मध्ये हॉकीत पगारमर्यादा आली, आणि त्याच संघाने २००९, २०१६ आणि २०१७ मध्ये स्टॅनली कप जिंकला. पायरेट्सनी शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ मध्ये. १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं त्यांनी जिंकण्यापेक्षा हरलेच जास्त. उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळांत इतकी सलग वर्षं असा दुसरा कुठलाच संघ हरलेला नव्हता. मधली २०१३ ते २०१५ ही तीन वर्षं सोन्यासारखी गेली, त्यानंतर प्लेऑफ नाही.

याच संघात आज पॉल स्कीन्स हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला नंबर सोडतीत पायरेट्सना लागला आणि हा मुलगा मिळाला. २०२५ मध्ये त्याने नऊ डावांमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, सरासरी दोनपेक्षाही कमी धावा दिल्या, १.९७. आपल्या लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. आणि त्याच्या खात्यावर विजय किती? दहा. पराभवही दहा. तो पिचिंगला असतो तेव्हा मैदानात बसून बघावं. पाचव्या-सहाव्या डावापर्यंत समोरच्यांना काही सुचत नाही, पहिल्या चेंडूपासून लोक उभे असतात, आणि फळ्यावर आपल्याही संघापुढे शून्यच. धावा काढणारे बॅटर आणायला पैसे लागतात. स्कीन्सचा त्या वर्षीचा पगार ९ लाख डॉलरहून कमी होता, कारण नियमच तसा आहे: पहिली साधारण तीन वर्षं जवळपास किमान पगार, मग लवादाकडे दाद मागायची मुभा, आणि सहा वर्षं पूर्ण झाल्यावर खेळाडू मोकळा. गरीब संघ टिकून आहेत ते या सहा वर्षांच्या जोरावर. सातव्या वर्षी तो कुठे असेल याचा अंदाज इथलं शाळेतलं पोरगंही सांगतं.

मग मर्यादा का घालत नाहीत? खेळाडू ऐकत नाहीत म्हणून, आणि त्यांच्या न ऐकण्याला इतिहास आहे. १९७५ पर्यंत बेसबॉलचा खेळाडू करार संपला तरी त्याच मालकाचा राहायचा. सेंट लुईसच्या कर्ट फ्लडला १९६९ मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्याने जायला नकार दिला, सुप्रीम कोर्टापर्यंत लढला आणि १९७२ मध्ये हरला. १९७५ च्या डिसेंबरमध्ये लवाद पीटर साइट्झ यांनी खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि दार उघडलं. त्यानंतर ऐंशीच्या दशकात मालकांनी आपसात संगनमत करून मोकळ्या खेळाडूंना बोलीच लावली नाही, आणि ते उघडकीला आल्यावर २८ कोटी डॉलर भरले. १९९४ मध्ये मालकांनी पगारमर्यादेचा हट्ट धरला, खेळाडू संपावर गेले आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज रद्द झाली. त्या वर्षी ७४ विजय आणि ४० पराभवांसह सगळ्यांत पुढे होता माँट्रियल एक्स्पोज, कमी पगाराचा संघ. संप मिटला आणि काही दिवसांतच त्यांना आपले चार बिनीचे खेळाडू सोडावे लागले. दहा वर्षांनी संघच शहर सोडून वॉशिंग्टनला गेला. या इतिहासामुळे मालकांच्या तोंडून ‘मर्यादा’ ऐकलं की खेळाडूंच्या संघटनेचे कान टवकारतात, आणि मी त्यांना दोष देत नाही.

मर्यादेऐवजी आज बेसबॉलमध्ये लक्झरी टॅक्स आहे. २०२५ मध्ये संघाचा एकूण पगार २४.१ कोटी डॉलरच्या वर गेला की दंड, आणि जितकं वर, जितकी सलग वर्षं, तितका दर जास्त, अगदी ११० टक्क्यांपर्यंत. डॉजर्सनी त्या वर्षाचा सुमारे १७ कोटी डॉलर दंड निमूटपणे भरला. पायरेट्सच्या इतिहासात १० कोटींच्या वरचा पहिला करार झाला २०२३ मध्ये, ब्रायन रेनॉल्ड्सशी: आठ वर्षांचे मिळून १०.६७ कोटी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. डॉजर्सना ते परवडतं, कारण २०१३ मध्ये त्यांनी स्थानिक टीव्हीशी २५ वर्षांचा ८३५ कोटी डॉलरचा करार केला. एकही तिकीट विकलं जाण्याआधी वर्षाला सरासरी ३३ कोटी. शोहेई ओहतानीला त्यांनी १० वर्षांचे ७० कोटी कबूल केले, त्यातले ६८ कोटी २०३४ पासून पुढे द्यायचे. हे सगळं नियमात बसतं आणि मला डॉजर्सचा राग नाही. मिळालेला पैसा ते संघावर लावतात. त्यांच्या प्रेक्षकाला आणखी काय हवं?

माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे. एनएफएलचा टीव्हीचा राष्ट्रीय पैसा १९६० च्या दशकापासून सगळ्या संघांत सारखा वाटला जातो. म्हणून ग्रीन बेसारख्या लहानशा गावाचा संघ न्यूयॉर्कशी टक्कर देतो. फुटबॉल आणि हॉकीत वरची मर्यादा आहे तशी खालचीही आहे: इतका पैसा खेळाडूंवर खर्च करायलाच हवा. बेसबॉलमध्ये स्थानिक उत्पन्नाचा ४८ टक्के भाग सामायिक निधीत जातो आणि समान वाटला जातो, पण मिळालेला वाटा खेळाडूंवर किती लावायचा याला ठाम आकडा नाही. २०१८ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने याच कारणावरून ओकलंड, मायामी, टँपा बे आणि पिट्सबर्ग या चार संघांविरुद्ध रीतसर तक्रार केली होती. मालकाने हात आखडता घेतला तरी वाटा मिळतोच, आणि संघाची किंमत तर दर वर्षी वाढतेच. अशा व्यवस्थेत नुसती वरची मर्यादा घातली तर डॉजर्सचा वाचलेला पैसा डॉजर्सच्या मालकांकडे राहील. पिट्सबर्गला त्यातला एक डॉलर मिळणार नाही.

आयपीएलचं गणित म्हणूनच जुळतं. २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना गेले, तो पैसा मध्यवर्ती आहे आणि त्यातला संघांचा वाटा सगळ्यांना मिळतो. २०२५ च्या लिलावात १२० कोटी रुपयांची मर्यादा होती आणि त्यातले किमान ७५ टक्के खर्च करण्याचं बंधनही होतं. आपल्याला १२० चा आकडा आठवतो, ७५ टक्क्यांचा आठवत नाही. आणखी एक फरक आहे: आयपीएल दोन महिन्यांची असते, खेळाडूला देशाचा करार असतो, बाकीचं क्रिकेट असतं. बेसबॉलपटूची सगळी कमाई या एकाच लीगमधून होते, तेव्हा पगाराला लावलेली कात्री थेट त्याच्या आयुष्याच्या कमाईला लागते. आयपीएलमध्ये पगाराच्या अटींवर मंडळाशी सौदा करणारी खेळाडूंची संघटनाही नाही. इथे आहे, आणि जबरदस्त आहे.

बेसबॉलमधला मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारमर्यादेवरूनच मोठं भांडण होईल असं सगळे धरून चालले आहेत. मागच्या वेळी, २०२१ च्या वाटाघाटींत, मालकांनी १० कोटींची किमान मर्यादा देऊ केली होती, पण त्याबरोबर लक्झरी टॅक्सची रेषा २१ कोटींवरून १८ वर आणायची अट होती. खेळाडूंनी ते फेटाळलं. हा विषय पुन्हा बातम्यांत आला की वरच्या मर्यादेचा आकडा मोठ्या अक्षरांत असेल. तुम्ही मात्र दोन गोष्टी शोधा: खालची मर्यादा किती ठेवली आहे, आणि स्थानिक टीव्हीचा पैसा किती जणांत वाटला जाणार आहे.