दुनळीच्या नळ्या कापल्यात का?

प्रश्न : आजोबांची इंग्लिश बारा बोअर दुनळी वारशाने, रीतसर परवान्यासह माझ्याकडे आली. नळ्या २६ इंच भरतात. कापलेल्या असतील का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नुसत्या इंचांवर जाऊ नका, चर्चिल या इंग्लिश बंदूककारांच्या २५ इंची बंदुका मुळातच तशा बनत. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा आणि नळ्या उतरवून तोंडाकडून बघा. मूळ नळ्या टोकाशी एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असतात. चांगल्या दोन-तीन इंच उडवल्या, की मध्ये फट पडते. मग कारागीर ती कथिलाने बुजवतो. माझी नजर आधी तिथेच जाते. नळ्यांच्या टोकावरचा नेमाचा मणी मागे सरकवल्याची खूणही शोधा. चोक (नळीच्या तोंडाशी ठेवलेला किंचित अरुंदपणा, टोक कापलं की तो जातो) नाही म्हणून मात्र संशय घेऊ नका. १८७० पूर्वीच्या बंदुकांत तो क्वचितच असे.