दिवसभर घरीच असते, पण मुलांचं काहीच करून घेत नाही

लहान मुलांच्या आया माझ्याकडे सल्ल्यासाठी येतात तेव्हा हट्ट, जेवण आणि मोबाईल हे विषय ठरलेले असतात. अलीकडे त्यात ‘अ‍ॅक्टिव्हिटी’ची भर पडलीय. ठाण्यातल्या कोलशेतहून आलेल्या या आईची चिंता तीच होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मोठा चार वर्षांचा, ज्युनिअर केजीत. धाकटी दीड वर्षाची. धाकटीच्या वेळी हिने नोकरी सोडली. नवरा ऐरोलीला जातो, घरी यायला नऊ वाजतात. सासूबाई सोबत असतात, पण गुडघ्यांमुळे मुलांच्या मागे धावणं त्यांना होत नाही.

तिने पर्समधून वही काढून माझ्यापुढे ठेवली. सोमवारी रंग, मंगळवारी आकार, बुधवारी सेन्सरी प्ले (हाताने चाचपून खेळायचे खेळ), असं आठवड्याचं वेळापत्रक आखलेलं. रात्री रील्स बघून ती तांदूळ रंगवायची, ताटात मांडून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोठा रंग वेगळे करायला बसला की धाकटी यायची आणि दोन्ही हात घालून ताट उलटं करायची. तो तिला ढकलायचा, ती भोकांड पसरायची, तांदूळ सोफ्याखाली. शेवटी दोघांच्या हातात मोबाईल.

“बाकीच्या आयांना कसं जमतं, मॅडम? मी नोकरी सोडून घरी बसले आणि मुलांचं काहीच करून घेत नाही. मागे पडतील का हो?”

अशा वेळी आधी मी मुलांची चौकशी करते. धाकटी नावाने हाक मारली की बघते का, हवं ते बोटाने दाखवते का, चार शब्द बोलते का? मोठा शाळेतलं काही सांगतो का, इतर मुलांत खेळतो का? सगळं ठीक होतं. नसतं तर मी तिला आधी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. दीड वर्षाचं मूल बोटही दाखवत नसेल, हाकेला बघत नसेल, तर ‘याचे बाबापण उशिराच बोलले’ म्हणत थांबू नये.

तांदळाचा खेळ का मोडत होता, याचं उत्तर वयात आहे. दीड वर्षाच्या मुलाचं कामच भरणं, ओतणं, पाडणं आणि पुन्हा भरणं. चार वर्षांच्याला रचायचं असतं, नियम करायचे असतात आणि ते दुसऱ्याने पाळायला हवे असतात. दोघांना एका ताटाभोवती बसवलं की भांडण ठरलेलंच. त्यात मुलांचा दोष नाही आणि आईचाही नाही.

मग मी तिला कालचा दिवस सांगायला लावलं. त्यात एक गोष्ट सारखी येत होती : मुलं झोपली की ती भाजी निवडायची, कपडे वाळत घालायची, कणीक मळायची. मुलं जागी असताना कामाला हात लावायचा नाही, कारण तो वेळ ‘मुलांचा’. खरं तर मुलांना हवं ते सगळं या कामांतच होतं. वही पंधरा दिवस कपाटात ठेवा म्हटलं तेव्हा तिचा चेहरा पडला. कामं करतानाच मुलांना सोबत घ्या, हे तिला सल्ल्यापेक्षा सूट दिल्यासारखं वाटलं असावं.

भाजीपासून सुरुवात झाली. मोठा टेबलापाशी उंच खुर्चीवर मटार सोलायला. धाकटी खाली फरशीवर, तिच्यापुढे कांदे-बटाट्यांची पिशवी आणि एक टोपली. मटार तिच्या हाती लागू द्यायचे नाहीत, हे मी बजावून सांगितलं. या वयात दाणा नाकात जातो, घशात अडकतो. धाकटीने बटाटे टोपलीत टाकले, टोपली पालथी केली, पुन्हा टाकले. किती वेळ, ते आईलाही मोजता आलं नाही. एक कांदा सोलून चावून बघितला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा चावला. मोठ्याला एका शेंगेत नऊ दाणे सापडले, ते त्याने घरभर सांगितलं. कपड्यांच्या ढिगातून मोज्यांच्या जोड्या लावणं हेही त्याने स्वतःकडे घेतलं.

सासूबाईंना हे पटलं नाही. “चार वर्षांच्या पोराला कामाला जुंपलं!” पुढच्या वेळी त्यांनाही बोलावलं. त्या मूळच्या डहाणूकडच्या निघाल्या, तेव्हा माझं काम सोपं झालं. १९४५ मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी डहाणूजवळच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. ते गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथे मुलांपुढे शिंपले, पानं, बिया अशी आजूबाजूची साधनं ठेवली जायची. तेच केंद्र पुढे कोसबाडला गेलं आणि ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांनी ते चालवलं. “अनुताई वाघांची कोसबाडची शाळा ना?” म्हणून त्याच बोलायला लागल्या. लहानपणी सुपात धान्य पाखडलेलं त्यांना आठवलं. आता कणकेचा एक गोळा त्या नातवासाठी बाजूला काढतात.

ढकलाढकली मात्र मटाराने थांबणारी नव्हती. ती संध्याकाळी साडेसहा ते आठ या वेळातच व्हायची. मोठ्याची दुपारची झोप सुटलेली, पोटात भूक, आई ओट्याशी. त्यावर मी दोन गोष्टी सुचवल्या. सहा वाजताच पोळी-भाजी किंवा वरणभात खायला घालायचा आणि मग अर्धा तास खाली सोसायटीच्या पोडियमवर खेळायला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये १ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी रोज १८० मिनिटं हालचाल सांगितली आहे, हे ऐकून ती दचकलीच. पण ती दिवसभरात विखुरलेली चालते, जिने चढणं, पळापळी, सगळं धरून. स्क्रीनबद्दल तिथे १ वर्षाच्या मुलाला अजिबात नाही आणि २ ते ४ वर्षांच्याला तासाभराहून जास्त नाही, असं आहे. दीड वर्षाची धाकटी त्यातल्या ‘अजिबात नाही’मध्ये येते. त्यामुळे मोबाईल आधी तिच्या हातून सुटायला हवा होता.

दुसरी गोष्ट : धाकटी झोपली की दहा मिनिटं फक्त मोठ्याची, आणि काय करायचं ते त्याने ठरवायचं. त्याने गॅलरीत उभं राहून खाली येणारे पाण्याचे टँकर बघायचं ठरवलं. आईने पहिल्याच दिवशी “किती चाकं आहेत सांग” विचारलं, तसा तो आत निघून गेला. मी तिला म्हटलं, नुसतं बघा. टँकर आला की “आला” एवढं म्हणा.

रविवारी बाबा दोघांना घेऊन जांभळी नाक्याला भाजी आणायला जातात. पोरं बरोबर असली की भाजीला दुप्पट वेळ लागतो, अशी त्यांची तक्रार आहे. लागू दे. तेवढा वेळ आई घरात एकटी असते.

ढकलणं पूर्ण थांबलेलं नाही, कमी झालंय. केस धुताना मोबाईल अजून लागतो.

मागच्या भेटीत तिने विचारलं, “मे महिन्यात मोठ्याला समर कॅम्पला घालू का? त्याला नवीन काही शिकायला मिळेल.” मी तिच्याकडे बघत राहिले. ती हसली. “खरं सांगू? मला दुपारी दोन तास झोपायचंय.”

“मग घाला की,” मी म्हटलं.